मेंदूतल्या स्मृतिपेशी मोजायला पाठवण्याआधी

उंदराचा मेंदू मोजणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत आला, की मारण्याआधी शिरेतून रंगीत अँटिबॉडीचं इंजेक्शन दिलं होतं का, असं आम्ही विचारतो. "परफ्यूजन (वाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुऊन काढणं) नीट केलं होतं, मग इंजेक्शनचं का विचारता?" हा प्रश्न फोनवर इतक्यांदा येतो, की शेवटी उत्तर छापूनच ठेवलं.

संसर्ग ओसरल्यावर काही सीडी८ टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) स्मृतिपेशी म्हणून मेंदूतच मुक्काम ठोकतात, हे आमच्या ग्राहकांना सांगायला नको. पण पेशीवर केवळ सीडी६९ हे खुणेचं प्रथिन दिसलं म्हणून पेशी तिथलीच, असं धरू नका. नुकत्याच चेतवलेल्या पेशीवरही ते असतं. सीडी१०३ ही दुसरी खूण सोबत दिसली तर भरवसा वाढतो, मात्र ती मुक्कामी पेशींपैकी सगळ्यांवर नसते.

परफ्यूजनने वाहतं रक्त निघून जातं. वाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या पेशी मागे राहू शकतात. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, आणि निरोगी उंदरात मुळात टी-पेशीच मोजक्या. तिथे रक्तातल्या मूठभर पेशींनीही आकडा फिरतो.

म्हणून प्राणी मारण्याच्या ३ मिनिटं आधी सीडी४५ (पांढऱ्या रक्तपेशींवरचं प्रथिन) विरुद्धची रंगीत अँटिबॉडी शेपटीच्या शिरेतून द्या, मग परफ्यूजन करा. एवढ्या वेळात ती मेंदूच्या ऊतीत शिरत नाही. वाहिनीतल्या पेशी रंगतात, ऊतीतल्या कोऱ्या राहतात. इंजेक्शन राहून गेलं, तर मेंदू काढून झाल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही, आणि आमचे निम्मे दिवस त्यातच जातात. असा नमुना आम्ही मोजतो, पण अहवालात 'मुक्कामी' हा शब्द लिहीत नाही. काहींना राग येतो. पुढे शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारण्यापेक्षा आम्ही विचारलेलं बरं. (प्राणी-नीतिसमितीच्या मंजुरीत शिरेतलं इंजेक्शन आहे ना, तेवढं आधी पाहा.)

ड्युरा (मेंदूचं बाहेरचं जाड आवरण) वेगळ्या नळीत द्या. तिच्या वाहिन्या गळक्या असतात, तिथल्या पेशीही रंगतात आणि मग वाद उरतो. मेंदू गोठवू नका. बर्फावर, बफरमध्ये, त्याच दिवशी पाठवा.

आणखी एक. ऊती कापताना पेशींतला एनएडी हा रेणू बाहेर पडतो आणि उंदराच्या मुक्कामी पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या पी२एक्स७ रिसेप्टरमार्फत त्याला सगळ्यांत आधी बळी पडतात. हे थोपवणारी नॅनोबॉडी (अगदी छोटी अँटिबॉडी) आणि इंजेक्शनची अँटिबॉडी मोजून भरलेल्या नळ्यांमध्ये आमच्याकडे मिळते. स्वतः आणलीत तरी हरकत नाही, फक्त रंग आधी कळवा. तोच रंग आमच्या पॅनेलमध्ये (मोजणीसाठी आम्ही वापरतो त्या रंगांच्या संचात) निघाला तर सगळी मेहनत पाण्यात.

शवविच्छेदनातल्या मानवी मेंदूला हा मार्ग नाही. त्याचे काप पाठवा. पेशी वाहिनीच्या आत आहे की भोवतालच्या पोकळीत, हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतो.