श्रद्धा आणि विज्ञान: चर्चच्या फरशीवरची एक रेषा

श्रद्धा आणि विज्ञान यांचं हाडवैर आहे ही समजूत वाटते तितकी जुनी नाही. ती रूढ झाली एकोणिसाव्या शतकात, जॉन ड्रेपर (१८७४) आणि अँड्र्यू व्हाइट (१८९६) यांच्या पुस्तकांमुळे. त्याआधीचा व्यवहार समजून घ्यायचा तर सणांच्या तारखा कशा काढत हे पाहावं.

ईस्टरचा रविवार वसंतसंपातावर (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तो क्षण) आणि पौर्णिमेवर ठरतो. युरोपातल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, ऋतुचक्र मात्र ३६५.२४२२ दिवसांचं. चूक वर्षाला जेमतेम ११ मिनिटं, पण १२८ वर्षांत ती एक दिवस होते. सोळाव्या शतकात संपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला.

हिशेब जुळला की नाही, हे तपासायला चर्चच्या इमारती सोयीच्या होत्या: उंच, अंधाऱ्या, सपाट फरशीच्या. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेट्रोनिओ चर्चमध्ये दांती या खगोलशास्त्रज्ञाने आखलेली जुनी रेषा बांधकाम वाढवताना निकामी झाली. १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने नवी आखली. सुमारे २७ मीटर उंचीवर छताला बारीक भोक आणि खाली ६७ मीटरची उत्तर-दक्षिण रेषा. भर मध्यान्ही सूर्याचं बिंब तिच्यावर येतं; ते कुठे पडतं यावरून संपाताचा दिवस कळतो. उन्हाळ्यात ते पाऊण फुटाहून थोडं मोठं, जवळजवळ गोल. हिवाळ्यात दीड मीटरहून लांब अंडाकृती. त्याच्या कडा पुसट असतात आणि क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण हवेत वाकतात, त्यामुळे हिवाळ्यातली मापं दुरुस्त करून घ्यावी लागतात.

याच रेषेवर एक मोठा प्रश्न सुटला. सूर्य जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त वेगाने सरकताना दिसतो. हा फरक निव्वळ अंतरामुळे भासत असेल, तर बिंबाचा व्यासही सात टक्के बदलायला हवा. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या मते निम्मा फरक अंतराचा, निम्मा खऱ्या वेगाचा; म्हणजे व्यासात साडेतीनच टक्के. फरशीवरच्या मापांनी केप्लरच्या बाजूने कौल दिला. गॅलिलिओला शिक्षा होऊन तेव्हा २२च वर्षं झाली होती आणि बोलोन्या पोपच्याच राज्यात होतं! अर्थात फिरतं कोण, पृथ्वी की सूर्य, हे या मापातून ठरत नव्हतं. पृथ्वी फिरते हे सत्य म्हणून मांडायला मात्र बंदी होती. गॅलिलिओचा ग्रंथ बंदीच्या यादीतून निघायला १८३५ उजाडलं.

आमच्या मते फरक इथेच आहे. संपात कधी, हे धर्माने विचारलं आणि उत्तर मापावर सोडलं, तिथे काम फुललं. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या इब्न अल-शातिरनेही चौदाव्या शतकात चंद्रगतीचं असं गणित मांडलं, जे पुढे सूर्यकेंद्री सिद्धांत मांडणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथात जवळपास तसंच दिसतं. गॅलिलिओच्या बाबतीत उत्तर आधीच ठरलं होतं.

विसाव्या शतकात श्रद्धा आणि विज्ञान यांतली ही सीमा एका पाद्र्याने जपली. प्रसरणशील विश्वाचा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांताची सांगड ईश्वरी निर्मितीशी घातली, ते लमेत्र यांना रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशीच त्यांची भूमिका राहिली.