पिवळ्या तापाची लस टोचली, मलेरियाचं काय?

केनियातल्या मसाई माराला निघालेल्या मुंबईकरांची तयारी बघण्यासारखी असते. दुर्बीण, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, ठेपले, मेतकूट. पिवळ्या तापाची लसही न चुकता घेतात, कारण ते पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं. मलेरियाचं कार्ड कुणी मागत नाही, म्हणून तो राहून जातो. वर ‘आपल्याला डासांची सवय आहे’ ही खात्री असतेच.

ही सवय तिथे कामाची नाही. मलेरियाची प्रतिकारशक्ती डास चावून येत नाही. ती पुन्हापुन्हा लागण होऊनच येते, तीही अर्धीमुर्धी. शिवाय मुंबईत पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामांवर वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास बहुतेक वेळा व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया पसरवतो, तर केनियात फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराचं राज्य आहे. फाल्सिपेरममुळे लाल पेशी चिकट होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात, आणि हे मेंदूत घडलं तर रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. सगळ्यांना सगळ्या चालत नाहीत. त्यातली डॉक्सिसायक्लिन गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देत नाहीत. लोकांचा घोळ होतो तो परत आल्यावर. घरी पोचलो, आता कशाला गोळ्या? डासाने सोडलेले परजीवी आधी यकृतात शिरतात, तिथे निदान आठवडाभर वाढतात आणि मग रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन त्यांना मुख्यतः रक्तात गाठते, म्हणून ती परतल्यावरही 4 आठवडे घ्यायची. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी गोळी यकृतातही काम करते, त्यामुळे तिचे 7 दिवस पुरतात. दोन्ही निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात.

गोळ्या घेतल्या तरी डास टाळायचेच. अ‍ॅनॉफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमकं सफारीहून परतून, हाफ पँट घालून शेकोटीभोवती गप्पा रंगतात तेव्हा. घोटे त्याला फार सापडतात. पायमोजे, पूर्ण बाह्या, उघड्या अंगाला डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं क्रीम; दिवसा सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, डीट नंतर. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. झोपेत कोपर जाळीला टेकलं, की डास बाहेरूनच चावतो.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, गोळ्या चुकवल्या नसल्या तरी, त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा. महापालिकेच्या दवाखान्यातही ती होते. पावसाळ्यात इथल्या डॉक्टरांना आधी डेंग्यू आणि लेप्टो आठवतात, तेव्हा ‘केनियाहून आलोय’ हे विचारायची वाट न बघता सांगा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त द्या.