मुकुट देवाचा, छत्र राजाचे

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीचा छोटा मुकुट मागितला, की मूर्ती किती इंची आहे हे आधी विचारले जाते. गिऱ्हाइकाला तो शोकेसमध्ये मांडायला हवा असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजमुकुटांच्या लहान प्रतिकृती जमवण्याचा छंद आपल्याकडे परका का वाटतो, हे समजण्यासाठी राजचिन्हांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

मराठी राज्यपरंपरेत राजाची खूण मुकुट नसून छत्र आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना अभिषेक झाला, ते सिंहासनावर बसले, मस्तकावर छत्र धरले गेले आणि ‘छत्रपती’ हे पद रूढ झाले. त्या प्रसंगी हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज दूताने सिंहासनाजवळच्या भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू पाहिल्याची नोंद केली आहे. महाराणी ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर स्थापन केलेल्या करवीरच्या राज्यातही छत्रपतिपदच चालत आले. आपण आजही ‘करवीरची गादी’ म्हणतो; इंग्रज मात्र राजसत्तेला ‘क्राउन’च म्हणतात. मुकुट आपल्या ओळखीचा आहे तो अंबाबाईच्या मस्तकावरचा.

इंग्लंडमध्ये १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाल्यावर संसदेने जुनी राजचिन्हे वितळवली, त्यामुळे १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी सेंट एडवर्डचा मुकुट नव्याने घडवावा लागला. सुमारे सव्वादोन किलो वजनाचा हा मुकुट राज्यारोहणाखेरीज सहसा डोक्यावर चढत नाही, आणि अशा दुर्मीळ प्रसंगाची आठवण घरी नेण्याच्या हौसेतूनच स्मृतिवस्तूंचा बाजार वाढला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या समारंभासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. राजाच्या आजारामुळे २६ जूनचा मुहूर्त ९ ऑगस्टवर गेला, पण जुनी तारीख छापलेले पेले तोवर तयार होते आणि त्यांतले बरेच आजही संग्राहकांकडे आढळतात. (मागासवर्गीयांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा महाराजांचा आदेश याच मुक्कामात, २६ जुलैला निघाला, कोल्हापूरने त्या वर्षातले लक्षात ठेवले ते हेच.)

लहान मुकुट म्हणजे नक्कलच, असे मात्र नाही. १८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी घडवलेला हिऱ्यांचा मुकुट जेमतेम १० सेंटिमीटर उंच असून त्यात १,१८७ हिरे आहेत. वैधव्यात डोक्यावरच्या टोपीवर पेलेल असा हलका मुकुट तिला हवा होता. याउलट १९११ च्या दिल्ली दरबारासाठी, मूळ मुकुट देशाबाहेर नेता येत नसल्याने, पाचव्या जॉर्जसाठी सहा हजारांहून अधिक हिऱ्यांचा स्वतंत्र मुकुट घडवला गेला. तो त्याने एकदाच घातला, आणि साडेतीन तासांत डोके दुखल्याची तक्रार डायरीत लिहून ठेवली. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या समारंभाच्या वेळी लेस्नी या खेळण्यांच्या इंग्रज कंपनीने राज्यारोहणाच्या घोडागाडीची धातूची छोटी प्रतिकृती काढली, तिचे दहा लाखांहून अधिक नग खपले.

आपल्या भागात ब्रिटिश मुकुटाची सर्वांत छोटी प्रतिमा हातोहात फिरली ती रुपयावर. १८६२ पासून नाण्यावरची राणी मुकुटधारी होती. १९५० मध्ये त्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आले. गुजरीत मात्र आजही चांदीच्या पत्र्याचा मुकुट देवघरातल्या मूर्तीच्या मापानेच घेतला जातो, आणि राजाची आठवण म्हणून काही मांडायचे तर लोक सिंहासनाधिष्ठित महाराजांची मूर्ती नेतात, डोक्यावर जिरेटोप आणि वर छत्र असलेली.