एक हात गळ्यात, बाकीचं शरीर जिममधे

आंबिया बहाराची तोड सुरू होती, दिवसाची शेवटची गाडी भरायची होती आणि संत्र्याचं भरलेलं क्रेट डोक्यावरून ट्रॉलीत देताना माझ्या उजव्या खांद्यात कट्ट असा आवाज आला. पुढचे पंधरा दिवस तेल चोळण्यात आणि शेक घेण्यात गेले, एकानं तर हात ओढून झटका पण दिला, आणि मग एमआरआय केला तेव्हा समजलं की खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, हाडापासून सुटलाय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि हात सहा आठवड्यांसाठी स्लिंगमधे गेला. सहा वर्षं नेमानं जिम केलेला माणूस मी, शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला की आता जिमचं काय. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन खांद्याचं झालंय, पायाला काय झालंय?"

त्या एका वाक्यावरून मी वाचायला लागलो, फिजिओला विचारून विचारून भंडावलं, आणि जे समजलं ते आपल्याकडच्या पोरांसाठी लिहितोय, कारण वरूड तालुक्यात काय किंवा अख्ख्या विदर्भात काय, ऑपरेशन झालेला माणूस एकतर तीन महिने खाटेवर पडून राहतो नाहीतर दुखणं थांबलं की दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतो. मधला रस्ता कोणी सांगतच नाही.

आधी खांदा समजून घ्या. हा सांधा म्हणजे चुंबळीवर ठेवलेली घागर. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो जिथं टेकतो ती जागा अगदी उथळ, बशीसारखी, म्हणून तर हात वर, मागे, आडवा कुठंही फिरतो. खुब्याचा सांधा वाटीत खोल बसलाय, तो पक्का आहे पण एवढा फिरत नाही. आता उथळ जागेवरची घागर घसरू नये म्हणून चार स्नायू तिला चहूबाजूंनी आवळून धरतात, सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. स्नायूचं टोक जिथं हाडाला चिकटतं तो दोरीसारखा भाग म्हणजे टेंडन. सगळ्यात जास्त फाटतो तो सुप्रास्पायनॅटसचा, माझाही तोच.

सर्जन काय करतो, तर हाडात बारीक अँकर, म्हणजे धागे लावलेला खिळा, ठोकतो आणि त्याच्या धाग्यांनी टेंडन हाडावर बांधून ठेवतो. बांधून ठेवतो, जोडत नाही, हा फरक मला आमच्या भागातल्या नर्सरीमुळे नीट कळला. शेंदूरजनाघाटकडे जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा (कोंब फुटायची जागा) बांधतात ते तुम्ही पाहिलं असेल, सालीला चिरा देऊन डोळा आत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. पट्टीचं काम एवढंच की डोळा हलू नये. जोडायचं काम दोन्हीकडच्या जिवंत पेशी करतात आणि त्यांना जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. मधेच कोणी पट्टी सोडून, धरला का म्हणून नखानं उचकून पाहिलं तर डोळा गेलाच समजा.

खांद्यात पण तसंच आहे. पहिले काही दिवस सूज, त्यात साफसफाई करणाऱ्या पेशी येतात. मग काही आठवडे घाईघाईत कोलॅजनचं, म्हणजे धाग्यासारख्या प्रोटीनचं, जाळं विणलं जातं, ते बरंचसं तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि कमजोर. साधारण बारा आठवड्यांपर्यंत टेंडन हाडाला बऱ्यापैकी पकडतो आणि मग त्या कच्च्या धाग्यांच्या जागी पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजन बसायला महिने लागतात, वर्षभर ते काम चालतं. आणि दुखणं? ते बहुतेकांचं याच्या कितीतरी आधी कमी होतं. म्हणजे धोका नेमका कुठं आहे ते पहा, खांदा दुखत नाही म्हणून आपल्याला वाटतं जुळला, आणि आतमधे अजून पट्टीच्याच भरवशावर आहे. पुन्हा फाटण्याच्या घटना पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जास्त होतात त्या यामुळे.

आता दुसरी बाजू. खांदा गप्प ठेवायचा हे खरं, पण म्हणून अख्खं शरीर गप्प ठेवलं तर काय होतं? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2014 साली निरोगी तरुण पोरांचा एक पाय प्लास्टरमधे ठेवून मोजलं, फक्त 5 दिवसांत मांडीच्या स्नायूचा आकार साधारण साडेतीन टक्के आणि ताकद 9 टक्क्यांच्या आसपास कमी झाली. पाच दिवस! आपल्याकडे लग्नघरात जाऊन यायला जेवढे लागतात तेवढे. स्नायूला वापर नाही मिळाला की तो प्रोटीन कमी बनवतो, शरीराला वाटतं हा माल लागत नाही तर ठेवायचा कशाला.

म्हणून टाके निघाल्यावर, पंधराव्या दिवशी, डॉक्टरांना विचारून मी तालुक्याच्या जिममधे गेलो. त्याआधी रोज सकाळी बांधाबांधानं न जाता डांबरी रस्त्यानं चालायचो, कारण या काळात सगळ्यात मोठी भीती पडण्याची असते. माणूस पडताना हात आपोआप पुढे करतो, त्याला विचारायला वेळच मिळत नाही. त्यामुळे ट्रेडमिलवर धावणं बंद, चिखलात चालणं बंद, मोटरसायकल तर बंदच बंद.

जिममधे पाहिलं तर करण्यासारखं भरपूर निघालं. लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन, बसून करायचा लेग कर्ल, पोटऱ्यांसाठी काफ रेज, आणि उभी सायकल जिच्यावर ताठ बसता येतं, उजवा हात हँडलला न लावता. पालथं झोपून करायचा लेग कर्ल नाही, खांद्यावर भार येतो. बारबेल स्क्वॅट नाही, मानेमागे रॉड धरायला खांदा पूर्ण बाहेर फिरवावा लागतो. डेडलिफ्ट नाही, लटकलेलं वजन खांदा खाली ओढतं. कोपरांवर शरीर तोलायचं ते प्लँक नाही. लेग प्रेसची एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही ती सांगतो, त्याचे लॉक दोन्ही बाजूंना असतात आणि सेट संपला की सवयीनं दोन्ही हात तिकडे जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून उजव्या बाजूला मी एक पोरगा उभा केला, लॉक तोच काढायचा आणि तोच लावायचा. उठताना पण सीटला हात टेकवून उठायचं नाही, पाय खाली घेऊन पोटाच्या जोरावर उठायचं. आणि घरी आल्यावर स्लिंगच्या आतला घाम, काख, कोपराची घडी कोरडी करायची, जखम ओली राहणं बरं नाही.

ज्यांच्या गावात जिम नाही त्यांनी मनाला लावून घ्यायची गरज नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे, 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन देशी खेळ दाखवून आलेली संस्था ती, म्हणजे दंड-बैठकांचा वारसा आपल्या मातीतच आहे. दंड बंद ठेवा, बैठका चालू ठेवा. फक्त जुन्या पद्धतीत हात झुलवतात तसे झुलवायचे नाहीत, स्लिंग घालून, मागे खुर्ची ठेवून, हळू खाली बसायचं नि हळू उठायचं. सत्तर किलोच्या माणसाला स्वतःचं वजन कमी नसतं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. 1894 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की माणसाच्या एकाच हाताला पकडीचा सराव दिला तरी दुसऱ्या, काहीच न केलेल्या हाताची पकड पण वाढते. याला क्रॉस एज्युकेशन म्हणतात, एका बाजूचं शिकणं दुसऱ्या बाजूला पोचणं. नंतर शंभर वर्षं लोक हे तपासत राहिले, आणि अनेक अभ्यास एकत्र केले तर व्यायाम न केलेल्या बाजूची ताकद सरासरी 8 ते 12 टक्के वाढलेली दिसते. 2009 साली कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात तर निरोगी माणसांचा एक हात तीन आठवडे प्लास्टरमधे ठेवला आणि त्यातल्या काहींकडून मोकळ्या हाताचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्या प्लास्टरमधल्या हाताची ताकद घसरली, ज्यांनी दुसऱ्या हाताचा व्यायाम केला त्यांची बऱ्यापैकी टिकली.

हे होतं कसं? डाव्या हाताला हुकूम मेंदूच्या उजव्या भागातून येतो हे शाळेत शिकलो, पण वजन जड असलं, जोर लावावा लागला की मेंदूचे दोन्ही भाग कामाला लागतात, आणि त्यांना जोडणारा नसांचा एक जाड पूल आहे त्याच्यावरून निरोप इकडून तिकडे जातात. ताकद म्हणजे नुसतं मांस नाही, किती स्नायूतंतूंना एकदम हाक मारता येते हे पण त्यात येतं, आणि ती हाक मारायची सवय मेंदूत राहते. उजवा हात गळ्यात लटकलेला असताना डावा हात त्याची सवय मोडू देत नाही, असं समजा.

मी आठवड्यातून तीनदा डाव्या हातानं व्यायाम करायचो. बाकावर पाठ टेकवून बसायचं, उजवी बाजू एकदम सैल, डाव्या हातात डंबेल, वर नेताना नेहमीसारखं आणि खाली आणताना चार आकडे मोजत, कारण वजन सावकाश खाली आणण्याच्या टप्प्यात हा परिणाम जास्त मिळतो असं दिसलंय. सुरुवात पाच किलोनं केली. फार जोर लावला की दुसरी बाजू पण आपोआप थोडी आखडते, म्हणून पहिले दोन आठवडे हलकंच ठेवलं आणि उजवा दंड आवळला जातोय असं वाटलं की तिथंच थांबलो. खांद्याच्या ऑपरेशननंतरचा पुरावा प्लास्टरवाल्या हातांपेक्षा कमी आहे, त्यामुळे याला जादू समजू नका, पण ज्यात खर्च नाही नि नीट केलं तर धोका कमी, ते का सोडायचं?

ज्यांचा बायसेप्सचा टेंडन पण बांधलाय त्यांनी ऑपरेशनच्या हाताचं कोपर वजन घेऊन वाकवायचं नाही, आणि लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या बशीची कडा, शिवलेल्यांचे, सांधा बदललेल्यांचे नियम वेगळे, ते आपापल्या सर्जनकडूनच घ्यायचे.

खाण्याचं बोलतो, कारण इथं मला खूप वाईट वाटतं. ऑपरेशन झालं की घरात पथ्य सुरू होतं, डाळ नको वातूळ आहे, अंडी नको गरम पडतात, आंबट नको पू होतो. माझ्या आईनं दारात संत्र्याचे ढीग असताना मला एक फाक खाऊ दिली नव्हती, तिची माया होती त्यात, पण शरीराला नेमकं तेच पाहिजे असतं. कोलॅजनचे तीन धागे एकमेकांत पिळून घट्ट व्हायला व्हिटॅमिन सी लागतंच. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याचा रोग, झालेल्या खलाशांना संत्री-लिंबू दिले आणि ते उठून बसले, स्कर्व्हीत जुन्या भरलेल्या जखमा पण उकलतात त्या याच कारणानं. दिवसाला दोन संत्री बस आहेत, दहा खाल्ली म्हणून टेंडन लवकर जुळत नाही. आणि प्रोटीन किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला 84 ते 112 ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत 22 ग्रॅमच्या आसपास असतं, एका अंड्यात 6, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25, सोयाबीनच्या वड्यांत तर निम्म्याच्या वर. हे सगळं आपल्याच वावरात पिकतं.

आणि खर्रा, तंबाखू-सुपारीचा. भेटायला येणारा प्रत्येक जण बसल्या बसल्या पन्नी चोळतो आणि समोर करतो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि टेंडन जिथं हाडाला चिकटतो तिथं मुळातच रक्त कमी पोचतं. उंदरांवर केलेल्या प्रयोगात निकोटीन दिलेल्यांचा टेंडन हाडाला जुळायला उशीर झाला, माणसांमधे सिगारेटवाल्यांचे खांदे कमी भरतात हे पण दिसलंय. तोंडातून गेलं काय नि धुरातून गेलं काय, निकोटीन रक्तात तेच. ऑपरेशनवर लाख-दीड लाख घालता ना बाप्पा, मग निदान तीन महिने तरी ते तोंडात टाकू नका.

सहाव्या आठवड्यात स्लिंग निघाली. शिलाईच्या टेपनं मोजलं तर उजवा दंड डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर बारीक. पेंडुलम नावाचा व्यायाम तर आधीपासूनच चालू होता, बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावानं तो ओळखतात, डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं, उजवा हात दोरीसारखा सोडायचा आणि कंबर हलवायची म्हणजे हात आपोआप छोटे गोल फिरतो. हातानंच मोठे मोठे गोल काढले तर कफचे स्नायू कामाला लागतात आणि मग तो आराम राहत नाही. मग काठीच्या आधारानं हात वर नेणं, मग बिनआधाराचं, आणि बारा आठवड्यांनंतर रबर बँड. बेंच प्रेस आणि डोक्यावरचं वजन सहा महिन्यांच्या आधी विचारायचं पण नाही असं फिजिओनं सांगितलंय.

दहाव्या आठवड्यात खांदा दुखायचा पूर्ण थांबला, आणि नेमकी तेव्हाच मृग बहाराची तोड तोंडावर. काका म्हणाले, "काहून रे, आता त दुखत नाही ना, एखादं क्रेट त उचलशील." मी त्यांना घेऊन बागेच्या कडेला गेलो, तिथं मागच्या महिन्यात त्यांनीच बांधलेली कलमं होती, आणि म्हटलं, काका, यातली एक पट्टी आत्ता सोडून दाखवा. ते थोडा वेळ उभे राहिले, मग कोणाला तरी फोन लावून क्रेट उचलायला दोन माणसं जास्तीची सांगितली.

आता चौदावा आठवडा आहे. खोलीच्या खिडकीच्या गजाला पिवळा बँड बांधलाय, कोपर आणि बरगडी यांच्यामधे टॉवेलची गुंडाळी दाबून दहा वेळा हात बाहेर नेतो, दहा वेळा सावकाश आत आणतो, नववी-दहावी वेळ येते तेव्हा दंड थरथरतो. मग बाहेर येऊन ट्रॉलीजवळ खुर्ची टाकून बसतो आणि किती क्रेट चढले ते वहीत लिहितो, उजव्या हातानं.