भारतीय पीपीएलवर आफ्रिकेच्या दक्षिणेत स्वतः विमान उडवत फिरायचं असेल तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

दक्षिण आफ्रिकेत छोटं विमान भाड्याने घ्यायचं, ते स्वतः उडवत बोत्सवानात मौन नावाच्या गावाला जायचं, ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात दोन-चार दिवस राहायचं, मग व्हिक्टोरिया धबधबा बघून नामिबियाच्या वाळवंटावरून परत यायचं. अशी सुट्टी भारतीय खाजगी वैमानिक परवान्यावर घेता येते. डीजीसीएचा (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) पीपीएल, म्हणजे हाच खाजगी परवाना, चालू असलेल्या माणसाला यात कायद्याची अडचण नाही. लोक अडकतात ते कामांच्या क्रमात. व्हिसा आधी काढला, विमान नंतर ठरवलं आणि परवान्याचा विषय जोहान्सबर्गला उतरल्यावर काढला, तर सुट्टीचा निम्मा वेळ कचेऱ्यांत जातो.

क्रम ठरवणारा नियम एकच आहे. १९४४ च्या शिकागो कराराचं ३२ वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचा परवाना, विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला असला पाहिजे. म्हणजे तुम्ही कोणत्या देशावरून उडता यापेक्षा विमानाच्या शेपटाकडे कोणती अक्षरं रंगवली आहेत हे महत्त्वाचं. झेडएस असेल तर विमान दक्षिण आफ्रिकेचं, व्ही५ नामिबियाचं, ए२ बोत्सवानाचं, ९जे झांबियाचं. तुमचा परवाना व्हीटी, म्हणजे भारतात नोंदलेल्या विमानांसाठीचा. तेव्हा झेडएस विमान घेतलंत, तर दक्षिण आफ्रिकेकडून परवाना ग्राह्य करून घ्यायचा. त्या एका मान्यतेवर तेच विमान बोत्सवाना, नामिबिया, झांबिया, झिम्बाब्वे सगळीकडे नेता येतं, प्रत्येक देशात वेगळं व्हॅलिडेशन (परवान्याला मान्यता) लागत नाही. म्हणून आधी विमान ठरवा, मग परवाना, मग मार्ग, आणि व्हिसा मार्ग पक्का झाल्यावर.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला झेडएस विमानच घ्यावं. भाड्याची विमानं तिथे भरपूर आहेत आणि परदेशी वैमानिकांची कागदपत्रं हाताळायची सवय तिथल्या फ्लाइंग स्कूल्सना आहे.

कोण पात्र

डीजीसीएचा चालू पीपीएल किंवा सीपीएल (व्यावसायिक परवाना) हवा. पीपीएलसाठी भारतात किमान वय १७ आणि किमान उड्डाण ४० तास. पण ४० तासांचा अनुभव कायद्याला पुरला तरी विमान भाड्याने देणाऱ्याला आणि विमा कंपनीला पुरेलच असं नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये वैमानिकाचे एकूण तास आणि त्या प्रकारच्या विमानावरचे तास, अशा दोन अटी असतात. विमान पक्कं करण्याआधी त्या लेखी मागून घ्या.

मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र, चालू असावं. पीपीएलला वर्ग २ चालतं. रेडिओ वापरण्याचा परवाना, म्हणजे एफआरटीओएल, आणि इंग्रजी प्रावीण्याची नोंद किमान पातळी ४ ची हवी. ही नोंद परवान्यावर आहे का आणि तिची मुदत कधी संपते, ते आजच बघा. बाकी सगळं बरोबर असताना या एका ओळीमुळे अर्ज परत येऊ शकतो. प्रवासी बरोबर न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. भारतात वर्षभर उडायला मिळालं नसेल, तर तिथे गेल्यावर एक-दोन दिवस फक्त सरावाला ठेवा.

पीपीएलधारकाला प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही. मित्रांनी इंधन आणि भाड्याचा खर्च वाटून घेणं वेगळं आणि कुणाला पैसे घेऊन सफारीला नेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला व्यावसायिक परवाना आणि ऑपरेटरचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्याकडे परवानाच नाही किंवा मुदत संपलेली आहे, त्यांनी प्रमाणित चार्टर कंपनीचं वैमानिकासह विमान घ्यावं. त्यांना व्हॅलिडेशनचा भाग लागू होत नाही, बाकीचं सगळं लागू होतं.

व्हॅलिडेशनचा अर्ज

दक्षिण आफ्रिकेचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण जोहान्सबर्गजवळ मिडरँडला आहे. अर्ज तिथे जातो, पण तो थेट करण्यापेक्षा ज्या फ्लाइंग स्कूलकडून विमान घेणार तिच्यामार्फत करा. तपासणीचं उड्डाण शेवटी तिथेच व्हायचं असतं.

अर्जासोबत मूळ परवाना, मेडिकल, रेडिओ परवाना आणि पासपोर्ट यांच्या प्रमाणित प्रती, लॉगबुकची अलीकडची पानं, एकूण तासांचा गोषवारा आणि शुल्क भरल्याची पावती लागते. शिवाय परवाना खरा आणि चालू असल्याची खातरजमा डीजीसीएकडून व्हावी लागते. सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला लागतो, कारण दोन देशांच्या दोन कार्यालयांमधला हा पत्रव्यवहार आहे आणि त्याला घाई करायला तुमच्या हातात फारसं काही नसतं. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी ईजीसीएवर, म्हणजे डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज टाकून ठेवा. नावाची स्पेलिंग परवान्यावर आणि पासपोर्टवर एकच आहे का, तेही तेव्हाच तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. हा फरक परक्या कारकुनाला दोन वेगळी माणसं वाटू शकतो.

दक्षिण आफ्रिकेत पोचल्यावर प्रती प्रमाणित करायच्या राहिल्या असतील तर जवळचं पोलीस ठाणं गाठा. तिथे हे काम विनामूल्य करून देतात. मूळ कागद मात्र बरोबर हवेत.

त्यानंतर तिथल्या हवाई कायद्याची लेखी परीक्षा आणि तपासणीचं उड्डाण. परीक्षेचा अभ्यास भारतातूनच करून जा. उड्डाणात प्रशिक्षक काय बघतो? नेहमीच्या कसरतींपेक्षा एक गोष्ट त्याला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडच्या वैमानिकाला नवी असते: उंची आणि उष्णता.

जोहान्सबर्गजवळचा लान्सेरिया विमानतळ समुद्रसपाटीपासून ४,५०० फुटांवर आहे, नामिबियाच्या राजधानीचा, विंडहुकचा होसेआ कुटाको ५,६०० फुटांच्या वर. विंडहुकच्या उंचीचं प्रमाण तापमान सुमारे ४ अंश. दुपारी ३२ अंश असेल तर फरक २८ अंशांचा झाला, आणि दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ९,००० फुटांवर गेली. इंजिनाची ताकद कमी, पंखाखालची हवा विरळ, धाव लांब आणि चढण मंद. बारामतीच्या किंवा धुळ्याच्या धावपट्टीवर जे विमान सहज उचलतं, तेच इथे धावपट्टी संपेपर्यंत जमीन सोडत नाही. म्हणून विमानाच्या पुस्तकातले टेकऑफचे तक्ते वाचता येतात का आणि त्यांवर निर्णय घेता येतो का, हे तो बघतो.

वजनाचंही तसंच. सेस्ना १७२एसचं कमाल टेकऑफ वजन १,१५७ किलो. रिकामं विमान आणि पूर्ण इंधन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून साधारण २४० किलो उरतात. आसनं चार असली तरी तीन मोठी माणसं आणि मऊ पिशव्या, एवढंच धरा. चौघांना जायचं असेल तर सेस्ना १८२ किंवा २०६ बघा.

विमानासोबतची कागदपत्रं

शिकागो कराराच्या २९ व्या कलमात ही यादी आहे आणि सीमेवरचा अधिकारी तीच मागतो: विमानाचं नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना, प्रवासाची नोंदवही, रेडिओचा परवाना आणि प्रवाशांची नावं. यात आणखी दोन कागद घाला. पहिला, मालकाचं पत्र: अमुक वैमानिकाला अमुक तारखांना विमान देशाबाहेर न्यायची परवानगी आहे. दुसरा, विम्याचं प्रमाणपत्र, ज्यात तुम्ही जाणार त्या प्रत्येक देशाचं नाव छापलेलं आहे. ‘दक्षिण आफ्रिकेत वैध’ एवढंच लिहिलेल्या विम्यावर सीमा ओलांडू नका. विमानात ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन ट्रान्समीटर आहे आणि तो नोंदलेला आहे, याची खात्री करा. कालाहारी आणि नामिबच्या वर रस्ता, गाव, फोन यांपैकी काहीच खाली नसतं. माणशी पुरेसं पिण्याचं पाणी आणि उपग्रहावर चालणारं संपर्काचं साधन मी तरी कागदपत्रांइतकंच आवश्यक मानतो.

प्रत्येक देशाची परवानगी

प्रत्येक देश आपलं एआयपी प्रसिद्ध करतो. हे वैमानिकांसाठीचं अधिकृत माहितीपत्रक सगळीकडे एकाच साच्यात असतं. त्यात ‘जेन १.२’ हा विभाग उघडा. विमानाने देशात येण्या-जाण्याचे नियम, आगाऊ परवानगी हवी का, किती दिवस आधी, कुणाकडे, हे सगळं तिथेच असतं. ‘जेन १.३’ मध्ये प्रवासी आणि वैमानिकांचे नियम, ‘जेन १.४’ मध्ये मालाचे. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या माहितीवर विसंबू नका, हे तीन विभाग वाचा. परवानगीचा क्रमांक मिळाला की तो फ्लाइट प्लॅनच्या १८ व्या रकान्यात लिहायचा आणि पत्राची छापील प्रत जवळ ठेवायची.

सीमा ओलांडताना शेवटचा थांबा आणि पलीकडचा पहिला थांबा, दोन्ही कस्टम्सचे विमानतळ असले पाहिजेत. लान्सेरिया, पोलोक्वाने आणि उपिंग्टन हे दक्षिण आफ्रिकेतले सोयीचे दरवाजे. पलीकडे मौन, कासाने, व्हिक्टोरिया फॉल्स, लिव्हिंगस्टन, विंडहुक, वॉल्व्हिस बे. जोहान्सबर्गहून निघून थेट ओकावांगोतल्या लॉजच्या कच्च्या पट्टीवर उतरता येत नाही. आधी मौनला शिक्के, मग लॉज. बोत्सवाना सोडतानाही तसंच.

व्हिक्टोरिया फॉल्स आणि लिव्हिंगस्टन हे दोन विमानतळ जेमतेम ३० किलोमीटरवर आहेत, पण एक झिम्बाब्वेत आणि दुसरा झांबियात. धबधबा दोन्ही बाजूंनी बघायचा तर विमान एकाच बाजूला उभं करा आणि पुलावरून पलीकडे जा. दहा-पंधरा मिनिटांच्या उड्डाणासाठी दोन देशांची पूर्ण कागदपत्रं करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक सीमेवर जनरल डिक्लरेशन भरायचं. विमान, मार्ग, वैमानिक आणि प्रवासी यांचा तो एक पानी तपशील असतो. कस्टम्स, इमिग्रेशन आणि विमानतळ तिघांनाही प्रत लागते, म्हणून कोऱ्या प्रतींचा गठ्ठा बरोबर ठेवा. लँडिंग आणि नेव्हिगेशन शुल्काच्या पावत्या फेकू नका. झांबिया आणि झिम्बाब्वेसाठी अमेरिकन डॉलर रोख जवळ असावेत. नामिबियात रँड चालतो.

वेळांबद्दल एक सूचना. हे सगळे देश भारताच्या साडेतीन तास मागे आहेत आणि फ्लाइट प्लॅन यूटीसीत भरायचा असतो. कस्टम्सची खिडकी किती वाजता बंद होते ते नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि एआयपीत बघून त्याआधी किमान दोन तास पोचायचं ठरवा. इंधनाचंही तसंच: छोट्या विमानांचं पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, प्रत्येक विमानतळावर असतंच असं नाही, आणि जिथे असतं तिथेही कधीकधी संपलेलं असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांवरून २,५०० फुटांखाली परवानगीशिवाय उडायला २००३ च्या संरक्षित क्षेत्र कायद्याने मनाई आहे. प्राणी जवळून बघायचा मोह इथे आवरायलाच हवा. खालून जाणाऱ्या विमानाच्या आवाजाने कळप उधळतात आणि पिल्लं मागे राहतात.

व्हिसा आणि लस

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीच लागतो. तो अनेक प्रवेशांचा मागा. तुम्ही मध्ये देश सोडून परत येणार आहात, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तर विमान परत करायलाही आत येता येणार नाही. अर्जासोबतच्या पत्रात खाजगी विमानाने बाहेर जाऊन येणार असल्याचं स्पष्ट लिहा आणि विमानाच्या भाडेकराराची प्रत जोडा. बाकीच्या देशांत जिथे पोचल्यावर व्हिसा मिळतो, तिथे तो ठरावीक प्रवेशद्वारांवरच मिळतो. तुमचा विमानतळ त्या यादीत आहे का, हे दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला न्या, आणि एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

मुंबईहून जाणारे बरेच जण नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जातात. तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागते, आणि ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या, मात्र उडताना चालतील अशाच गोळ्या द्यायला सांगा. त्यांतल्या एका औषधाने चक्कर आणि मानसिक त्रास होऊ शकतो, म्हणून वैमानिकांना ते देत नाहीत.

हंगाम मे ते सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर दुपारची वादळं सुरू होतात. नामिबियाच्या किनाऱ्यावर बेंग्वेला प्रवाहाच्या गार पाण्यामुळे सकाळी धुकं असतं, तेव्हा वॉल्व्हिस बेचं उड्डाण उशिरा सकाळी ठेवा.

विमान परत करताना एक काम उरतं. लॉगबुकातल्या प्रत्येक नोंदीवर विमान देणाऱ्या संस्थेची सही आणि शिक्का तिथेच घ्या, व्हॅलिडेशनची प्रत लॉगबुकला जोडून ठेवा. पुढे सीपीएलसाठी पायलट-इन-कमांडचे १०० तास दाखवताना हे तास मोजून घ्यायचे असतील, तर डीजीसीए याच दोन गोष्टी विचारेल, आणि तेव्हा हजारो किलोमीटरवरून शिक्का मागवणं फार कठीण जातं.