नाळेतील मूलपेशी आणि सांध्यांचे आजार : एका दाव्याची पार्श्वभूमी

नाळेतील मूलपेशींचे, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचे, इंजेक्शन घेतल्यास गुडघ्याची झीज भरून येते आणि खुब्याचे खराब झालेले हाड सुधारते, असा दावा करणाऱ्या जाहिराती आता खेड्यातल्या मोबाइलवरही दिसतात. विदर्भाच्या ग्रामीण भागात अशा दाव्याला कान देणारे पुष्कळ आहेत. वऱ्हाडात कापसाची वेचणी आणि निंदण, भंडारा-गोंदियाकडे गुडघाभर चिखलात वाकून केलेली धानाची रोवणी, अशा कामांत आयुष्य गेलेल्या बायामाणसांना पन्नाशीतच उठबस जड जाते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे हाडे व सांधे आखडतात. शिवाय सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहेच, आणि पुढील इतिहासात त्याचा संबंध दोनदा येतो.

मुळात नाळेतून दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी मिळतात आणि त्यांचे इतिहासही वेगळे आहेत. एक इतिहास रक्ताचा, दुसरा हाडाचा व कूर्चेचा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचा. पहिल्याने मिळवलेली पत दुसऱ्याच्या खात्यावर दाखवली जाते, हा या जाहिरातींचा खरा घोटाळा आहे.

पहिला इतिहास १९८८ साली पॅरिसमध्ये सुरू होतो. डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी तेथे फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्त तयार होणे खुंटवणारा आनुवंशिक आजार झालेल्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. ते रक्त गोठवून जपण्याचे काम अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेने केले होते. तोवर नाळ आणि वार यांचे जगभर जे होत असे तेच आपल्याकडेही होत असे. सुईण ती अंगणात किंवा न्हाणीजवळ पुरून टाकी, आणि दवाखान्यात ती कचऱ्यात जाई. या प्रयोगाने त्याच रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी मिळतात आणि त्या रुग्णाच्या शरीरात रुजतात, हे सिद्ध झाले. पुढे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांसाठी हा उपचार वापरला गेला.

नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ साली लिहिले होते, म्हणजे विदर्भाला हा आजार निदान तेव्हापासून नावानिशी ठाऊक आहे. त्यावरील मूलपेशी प्रत्यारोपणात ऊतिगट (पेशींवरील ओळखखुणा) जुळणाऱ्या निरोगी सख्ख्या भावंडाच्या पेशी सर्वांत उपयोगी पडतात. मात्र बाळाची नाळ त्याच्याच भविष्यासाठी जपून ठेवा, असे सांगणाऱ्या खासगी बँका पैसे घेताना एक गोष्ट ठळकपणे मांडत नाहीत. सिकलसेल जनुकात असतो, त्यामुळे बाळाला तो असेल तर त्याच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असतो आणि त्या पेशी त्याच्या या आजारासाठी निरुपयोगी ठरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ‘जैविक विमा’ म्हणून केल्या जाणाऱ्या अशा साठवणुकीच्या विरोधात भूमिका घेतली.

दुसरा इतिहास मॉस्कोतून येतो. तेथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजात, रक्तपेशींखेरीज हाड घडवू शकणाऱ्या पेशीही असतात हे दाखवले. १९९१ मध्ये क्लीव्हलँडच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेन्कायमल मूलपेशी’ हे नाव दिले. याच जातीच्या पेशी नाळेच्या रक्तवाहिन्यांभोवतालच्या लिबलिबीत गरातही सापडतात. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने त्या गराचे वर्णन १६५६ मध्येच केले होते आणि त्याला त्याचेच नाव आहे. नाळेच्या पेशी कोवळ्या असतात, भराभर वाढतात आणि त्या काढताना कोणाला सुई टोचावी लागत नाही. संशोधक त्यांच्याकडे वळले ते यामुळे.

या पेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा बनवतील, अशी सुरुवातीची कल्पना होती. पुढील प्रयोगांत असे आढळले की टोचलेल्या बहुतेक पेशी फार काळ टिकत नाहीत. परिणाम होत असेल तर तो त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे होतो. खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये या पेशींना ‘मूलपेशी’ म्हणणे सोडून द्यावे असे लिहिले. ज्याने बारसे केले त्यानेच नाव मागे घ्यावे, असे विज्ञानात क्वचितच घडते; जाहिरातींवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही.

दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये नाळेच्या रक्तातील अशा पेशींपासून बनवलेल्या ‘कार्टिस्टेम’ या उत्पादनाला गुडघ्याच्या कूर्चेसाठी मान्यता दिली. ते नुसते इंजेक्शन नाही. शस्त्रक्रिया करून, हाडात छिद्रे पाडून त्यांत ते भरावे लागते. याउलट अमेरिकेत मान्यता नसलेली, नाळेच्या रक्तापासून केलेली इंजेक्शने थेट सांध्यांत आणि मणक्यात देण्याचे पेव फुटले. २०१८ मध्ये तेथील तीन राज्यांत अशा इंजेक्शनांनंतर जंतुसंसर्ग होऊन १२ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याची नोंद झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४८० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवातासाठी अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तीन स्रोतांच्या पेशींची तुलना साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी करण्यात आली. वर्षाअखेर एकही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणून वापर मुख्यतः रक्ताच्या आजारांपुरता आहे. बाकी सर्व वापर संशोधनात मोडतो. त्यासाठी परवानगी लागते आणि चाचणीतील रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी एका भारतीय उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली, पण त्यातील पेशी निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील आहेत, नाळेतील नव्हेत. हा फरक जाहिरात वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

सिकलसेलचा दुसरा संबंध खुब्याशी आहे. वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऐन विशीतला तरुण लंगडू लागतो. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू यांनी अशा रुग्णांच्या हाडाला छिद्र पाडून त्यांच्याच कमरेच्या हाडातील मज्जा काढून, तिच्यातील पेशी एकवटून आत सोडण्याची पद्धत अनेक वर्षे वापरली. गोळा खचून चपटा होण्याआधी, सुरुवातीच्या टप्प्यात केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल चांगले आले. तो खचल्यावर सांधा बदलणेच बहुधा उरते. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि गडचिरोलीच्या आतल्या गावातून एमआरआयपर्यंत पोहोचणे हाच रुग्णापुढचा पहिला अडथळा असतो.