गॅलापागोसचे प्राणी पळून का जात नाहीत

गॅलापागोस म्हटलं की लोकांना वाटतं हे आपलं काम नाही, तिथे महागड्या क्रूझनेच जावं लागतं. पण तसं काही नाहीये. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर आत पॅसिफिकमध्ये ही बेटं आहेत, त्यातली ९७ टक्के जमीन १९५९ पासून नॅशनल पार्क आहे आणि उरलेल्या तुकड्यात माणसं राहतात, सांता क्रुझ, सॅन क्रिस्तोबल, इसाबेला आणि फ्लोरियाना या चार बेटांवर गावं आहेत, साधी लॉज आहेत, खानावळी आहेत. कीतो नाहीतर ग्वायाकिलहून विमानाने यायचं आणि मग एका बेटावरून दुसऱ्यावर स्पीडबोटीने जायचं, साधारण दोन तास लागतात आणि समुद्र चांगलाच आपटतो, बोट लागत असेल तर गोळी घेऊनच चढा. पार्कची फी मात्र ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी माणसांना १०० वरून २०० डॉलर झालीये, लहान मुलांना निम्मी. माझ्या मते ती योग्यच आहे, का ते पुढे येईलच.

तिथे पोचल्यावर पहिला धक्का बसतो तो प्राणी दिसल्याचा नाही, ते हलत नाहीत याचा. सॅन क्रिस्तोबलच्या गावात किनाऱ्यावरच्या बाकांवर सी लायन आडवे पडलेले असतात आणि माणसं उभी असतात. सांता क्रुझच्या पुएर्तो आयोरात छोटासा मासळी बाजार आहे, तिथे मासे साफ करणाऱ्या बायकांच्या पायाशी सी लायन आणि मागे पेलिकन अशी रांग लागते, आपल्याकडे मासळी बाजारात मांजरं असतात ना अगदी तसंच. नॉर्थ सीमूर बेटावर निळ्या पायांची बूबी नावाची समुद्री पक्षीण कधीकधी पायवाटेच्या कडेलाच जमिनीवर अंडी घालून बसते आणि तुम्ही बाजूने गेलात तरी उठत नाही, नुसती मान वळवून बघते.

आता हा प्रेमळपणा आहे, त्यांना माणूस आवडतो, असं बरेच जण समजतात आणि मला वाटतं सगळा घोटाळा इथेच होतो. हे प्रेम नाहीये. भीतीच नाहीये, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

डार्विन १८३५ मध्ये पाच आठवडे इथे होता, त्याला हे लगेच जाणवलं होतं. एक ससाणा फांदीवर बसला होता, डार्विनने बंदुकीच्या नळीने ढकलून त्याला खाली उतरवलं, गोळी झाडायची गरजच नव्हती. एकदा तो आडवा पडून हातातल्या भांड्यातून पाणी पीत होता, भांडं म्हणजे कासवाची पाठच, तर एक मॉकिंगबर्ड येऊन काठावर बसला आणि पाणी प्यायला लागला. आणि एक प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो, तो फ्लोरियानाचा. तिथे विहिरीजवळ एक मुलगा हातात छडी घेऊन बसला होता, पाणी प्यायला होले आणि फिंच आले की छडीने मारायचा, जेवणापुरता ढीग त्याने जमवला होता, आणि रोज तिथे बसून हेच करायची त्याला सवय होती. म्हणजे पक्षी मरत होते, बाकीचे बघत होते आणि तरी परत तिथेच येत होते.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं. गल्लीतल्या कुत्र्यासमोर तुम्ही चप्पल नीट करायला जरी खाली वाकलात तरी तो चार पावलं मागे सरकतो, कावळा तर तुमचा हात खिशाकडे गेला तरी उडतो. हजारो वर्षं माणसाच्या दगडाशेजारी राहिलेले प्राणी आहेत ते. गॅलापागोस ही ज्वालामुखीतून समुद्रातच वर आलेली बेटं, मुख्य भूमीला ती कधीच जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथे जे पोचलं ते उडत, पोहत नाहीतर ओंडक्यांवर तरंगत पोचलं. जग्वार, कोल्हा, रानमांजर यातलं कुणी आलंच नाही. जमिनीवरच्या प्राण्यांना धोका होता तो मुख्यतः गॅलापागोस ससाण्याचा, आणि पिल्लांना सापांचा वगैरे.

अशा ठिकाणी भित्रा असणं महाग पडतं. पळायला ऊर्जा लागते, चरणं अर्धवट सोडावं लागतं, अंडी उघडी पडतात, आणि हे सगळं जर उगाचच करत असाल तर शेजारचा जो पळत नाही तो जास्त खातो, जास्त पिल्लं वाढवतो. पिढ्यानपिढ्या असं चाललं की भित्रेपणा हळूहळू गळून पडतो. हे नुसतं अंदाजाने म्हटलेलं नाही. माणूस किती जवळ आला की प्राणी पळतो हे अंतर मोजता येतं, आणि जगभरातल्या ६६ जातींच्या सरड्यांची अशी मापं एकत्र करून २०१४ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की बेटांवरचे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात, आणि बेट मुख्य भूमीपासून जितकं लांब तितकं हे अंतर कमी होत जातं. मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचं हेच झालं, डच खलाशी तिथे १५९८ मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. आज त्या बेटावर आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत, डोडो मात्र नाही.

गॅलापागोसला गेलात तर एक प्राणी सोडून बाकी सगळं धावत बघितलं तरी चालेल पण समुद्री इगुआनासमोर जरा वेळ बसाच. जगात समुद्रात चरणारा हा एकच सरडा. काळाकुट्ट, नाक चपटं, कारण खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं असतं. मोठे नर पाण्यात बुडी मारून चरतात, माद्या आणि लहान इगुआना ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच भागवतात. पाणी थंड असतं त्यामुळे बाहेर येतात तेव्हा अंग गार पडलेलं असतं, मग एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ढिगाने उन्हात पडून राहतात, आणि मधूनच एखादा नाकातून फर्र करून खारट पाण्याचा फवारा मारतो, कारण खाण्याबरोबर पोटात गेलेलं जास्तीचं मीठ नाकाजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. तेच मीठ डोक्यावर पडून वाळतं आणि पांढरी टोपी घातल्यासारखं दिसतं. एल निन्योच्या वर्षी पाणी गरम होऊन शेवाळ मरतं तेव्हा तर यांची चक्क लांबी कमी होते, नुसतं वजन नाही, लांबी, २० टक्क्यांपर्यंत, आणि जे जास्त आखडतात ते जास्त जगतात. खाणं परत आलं की परत वाढतात.

पण मला त्यांची सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. इगुआना स्वतः आवाज काढून एकमेकांना सावध वगैरे करत नाहीत, ते मुकेच. मॉकिंगबर्डला ससाणा दिसला की तो मात्र धोक्याची ओरड करतो, ती त्याच्या भाऊबंदांसाठी असते. २००७ मध्ये संशोधकांनी ही ओरड रेकॉर्ड करून इगुआनांना ऐकवली तर ते सावध झाले, आणि त्याच मॉकिंगबर्डचं साधं गाणं ऐकवलं तेव्हा तितकी दखल घेतली नाही. म्हणजे हा प्राणी मठ्ठ नाहीये, ज्या शत्रूबरोबर तो पिढ्यानपिढ्या राहिला त्याच्याबद्दल तो शेजाऱ्याच्या बोलण्यावरूनही सावध होतो. माणूस आणि कुत्रा हे त्याच्या ओळखीच्या यादीतच नाहीत, इतकंच.

हे शरीराच्या आतही दिसतं. धोका दिसला की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरोन नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं. ज्या इगुआनांनी कधी कुत्र्यामांजरासारखा शत्रू बघितलेला नाही त्यांचा माणसाने पाठलाग केला तर हे हार्मोन वाढतच नाही, पण एकदा पकडून सोडलं की पुढच्या वेळी वाढतं. म्हणजे अलार्म शाबूत आहे, फक्त तो कुणासाठी वाजवायचा हे माहीत नाही. तुम्ही म्हणाल मग शिकतील की. शिकतात, जिथे भटकी कुत्री आणि मांजरं आहेत तिथले इगुआना थोड्या जास्त अंतरावरून पळायला लागलेत हे मोजलं गेलंय, पण ते वाढलेलं अंतर कुत्र्यापासून वाचायला पुरत नाही. खरी गोची ही आहे. १९७६ मध्ये सांता क्रुझ आणि इसाबेलावर कुत्र्यांनी जमिनीवरच्या पिवळ्या इगुआनांच्या वसाहती जवळजवळ संपवल्या, उरलेसुरले गोळा करून संशोधन केंद्रात वाढवावे लागले.

कासवांची गोष्ट तर अजून वाईट. देवमासे मारणाऱ्या जहाजांना ताजं मटण हवं असायचं, आणि हे कासव पळत नाही, अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने जगतं, मग काय, उलटं करून जहाजाच्या तळाशी रचून ठेवायचे. अशी लाखाच्या वर कासवं गेली असं मानतात. एस्पान्योला बेटावर शेवटी १४ उरली होती, १२ माद्या आणि २ नर, ती सगळी उचलून सांता क्रुझच्या केंद्रात आणली आणि सान दिएगोच्या झूमधून दिएगो नावाचा एक नर परत आणला, आणि २०२० मध्ये तो पैदाशीचा कार्यक्रम थांबवला तोपर्यंत सुमारे २००० पिल्लं त्या बेटावर परत गेली होती. पिंटा बेटाचं नशीब इतकं चांगलं नव्हतं, तिथला एकच नर सापडला, लोनसम जॉर्ज, २४ जून २०१२ ला तो गेला आणि ती जात संपली.

आता आपल्यासारख्या फिरणाऱ्यांचं काय. नियम आहे की प्राण्यापासून किमान २ मीटर लांब थांबायचं, फ्लॅश नाही, खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. लोक म्हणतात तो तर हलतही नाही, मग काय बिघडतं? पण न हलणं म्हणजे काही न होणं नव्हे. २००२ च्या एका अभ्यासात दिसलं की रोज टुरिस्ट बघणाऱ्या इगुआनांना पकडल्यावर त्यांचं ताणाचं हार्मोन, निवांत जागी राहणाऱ्यांपेक्षा कमी वाढतं. याचा अर्थ लगेच चांगला किंवा वाईट असा लावता येत नाही, पण शरीर बदललंय हे नक्की. नंतर २०१७ च्या अभ्यासात दिसलं की माणसांची वर्दळ वाढते तसा त्यांच्या रोगप्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. बाहेरून मात्र दोन्हीकडचे इगुआना सारखेच शांत. आणि हे प्राणी वाटतात तितके कणखर नाहीत, जानेवारी २००१ मध्ये जेसिका नावाचा टँकर सॅन क्रिस्तोबलजवळ खडकात रुतून तेल सांडलं, सांता फे बेटापर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं, किनाऱ्यावर मेलेल्या प्राण्यांचा खच वगैरे काही दिसला नाही, सगळ्यांना वाटलं सुटलो, आणि पुढच्या वर्षभरात तिथले ६२ टक्के समुद्री इगुआना मेले.

म्हणून सामानाची तपासणी होते तेव्हा वैतागू नका. फळं, बिया, बुटांना चिकटलेली माती, सगळं बघतात. आपला पेरू तिथे तण झालाय. आणि आपल्या देशातही मूळची असलेली एक रानटी रास्पबेरी, मैसूर रास्पबेरी म्हणतात तिला, ती गॅलापागोसमधल्या सगळ्यात वाईट घुसखोर झाडांपैकी एक आहे, तिथल्या उंचावरच्या स्कलेसिया नावाच्या झाडांच्या जंगलात काटेरी जाळ्या करून नवीन रोपं उगवूच देत नाही.

कधी जायचं म्हणाल तर जानेवारी ते मे हवा गरम, समुद्र त्यातल्या त्यात शांत, पोहायला मजा. जून ते नोव्हेंबर ढगाळ, गारुआ म्हणतात ते भुरभुर धुकं, पाणी थंड, पण थंड पाण्यात खाणं भरपूर म्हणून समुद्री पक्षी जोरात असतात. लाटांच्या नक्षीचा अल्बाट्रॉस बघायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबरमध्येच एस्पान्योलाला जा, सॅन क्रिस्तोबलहून दिवसाची ट्रिप मिळते. न उडणारा कॉर्मोरंट मात्र फर्नांडिना आणि इसाबेलाच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यांनाच आहे, तो बॅकपॅकवाल्यांना सहसा मिळत नाही. बूबी दिसली की पायांचा निळा रंग नीट बघा, मेक्सिकोतल्या एका बेटावर संशोधकांनी नरांना उपाशी ठेवून बघितलं तर ४८ तासांत रंग फिका पडला, आणि पहिलं अंडं घातल्यावर नराचे पाय रंगाने फिके केले तर मादीने दुसरं अंडं लहान घातलं. मादी त्याच्या पायांवरून रोज हिशेब करत असते की हा पिल्लांना मासे आणू शकेल की नाही.

तुमचं विमान बहुधा बाल्त्रा बेटावर उतरेल, तिथून लगेच फेरी पकडायची घाई असते पण तिथल्या फिंचबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बाल्त्रावर पूर्वी मांजरं होती, ती काढून टाकली गेली. मग फिंच परत निर्धास्त झाले असतील असं वाटेल, पण २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की मांजरं जाऊन कित्येक पिढ्या झाल्या तरी तिथले फिंच लांबूनच उडतात, मांजर कधीच न आलेल्या बेटांवरचे तसं करत नाहीत. भीती एकदा आली की ती लवकर जात नाही.

आणि ते छडीवालं फ्लोरियाना. पुएर्तो आयोराहून तिथे बोटीने जाता येतं, जेमतेम दीडशेच्या आसपास वस्ती आहे. डार्विनने बघितलेला तिथला मॉकिंगबर्ड त्या बेटावरून एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला, उंदीर आणि मांजरांमुळे, आणि आज तो फक्त शेजारच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन चिमुकल्या बेटांवर तग धरून आहे. २०२३ च्या शेवटी फ्लोरियानावरचे उंदीर आणि भटकी मांजरं संपवायची मोठी मोहीम सुरू झाली, लोकांची गुरं, कोंबड्या, मुलं सांभाळत, त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून मगच. मॉकिंगबर्डला परत आणायचं ठरलंय. त्याच्या आधीच २०२५ मध्ये त्या बेटावर गॅलापागोस रेल सापडला, पाणकोंबडीच्या कुळातला, जमिनीवरच पळणारा छोटासा काळा पक्षी, डार्विनच्या भेटीनंतर तिथे त्याची खात्रीची नोंदच झालेली नव्हती.